न्यू जर्सीचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत नव्याने आलेली मराठी मंडळी, त्यांची शाळेत जाणारी मुलं आणि उन्हाळ्यात मुक्कामाला येणारे आईबाबा हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. सोपे प्रश्न आधी आहेत, वादाचे आणि अपवादांचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. न्यू जर्सीचा इतिहास नेमका कधीपासून मोजायचा? १६६४ की १७७६?

१६६४ मध्ये इंग्रजांनी या प्रदेशाला आजचं नाव दिलं. १७७६ मध्ये तो वसाहतीचं राज्य झाला. पण इथे माणसं राहतात ती दहा हजारांहून अधिक वर्षं. ट्रेंटनजवळच्या ॲबट फार्म परिसरात फार जुन्या वस्तीचे भरपूर अवशेष मिळाले आहेत. युरोपीय जहाजं आली तेव्हा डेलावेअर आणि हडसन या दोन नद्यांमधल्या संपूर्ण पट्ट्यात लेनापी लोक राहत होते. त्यांच्या हिशेबाने पाहिलं तर १६६४ हे साल बरंच अलीकडचं आहे. शालेय पुस्तकं लेनापींना पहिलं प्रकरण देतात आणि दुसऱ्या प्रकरणापासून विसरतात. इथे ते नंतरही भेटतील.

२. मुलीला चौथीत लेनापींवर प्रोजेक्ट आहे. ते कसे राहत होते, थोडक्यात सांगाल का?

सगळ्यात आधी तिला सांगा की उंच शंकूसारखे कातडी तंबू काढू नकोस. ते इथून फार दूर, पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांवरच्या लोकांचे. लेनापी झाडांच्या सालींनी शाकारलेल्या घरांत राहत. काही घरं गोल घुमटासारखी असत, तर काही लांबट, अनेक कुटुंबं मावतील अशी.

मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावायची त्यांची पद्धत होती. वेल मक्याच्या ताटावर चढायचा आणि भोपळ्याची पानं जमीन झाकायची. शेती मुख्यतः बायकांच्या हातात असे, शिकार आणि मासेमारी पुरुषांकडे. उन्हाळ्यात कुटुंबंच्या कुटुंबं किनाऱ्याकडे जात, कालवं आणि शिंपल्या काढत, सुकवत. टकर्टनजवळ त्या शिंपल्यांचा ढीग अजून टेकाडासारखा उभा आहे. जंगलातलं खालचं झुडूप ते ठरवून जाळत, म्हणजे हरणांना चरायला कोवळं गवत मिळे आणि माणसांना चालायला वाट. युरोपियांनी ज्याला ‘कोरं रान’ म्हटलं ते खरं तर राखलेलं रान होतं.

कुळं तीन: कासव, लांडगा आणि टर्की पक्षी. मूल आईच्या कुळातलं मानलं जाई. वडिलांच्या नव्हे. प्रमुखाचा वारसाही त्यामुळे मुलाकडे न जाता बहुधा बहिणीच्या मुलाकडे जायचा. उत्तरेत मुन्सी बोली चाले, दक्षिणेत उनामी. सगळ्यांवर एक राजा असा प्रकार नव्हता. प्रत्येक गावाचा किंवा गावांच्या गटाचा आपला प्रमुख असे आणि तो हुकूम देण्यापेक्षा समजूत घालून काम करून घेई. हा मुद्दा लक्षात ठेवा, जमिनीच्या व्यवहारांत तो फार महत्त्वाचा ठरला (प्रश्न ८).

३. पॅसेइक, रॅरिटन, हॅकेनसॅक ही लेनापी नावं ना? मग पिस्कॅटवेही त्यांचंच असेल?

पहिली तिन्ही त्यांचीच. होबोकन, पार्सिपनी, सिकॉकस, वीहॉकन, मानास्क्वान हीसुद्धा. पिस्कॅटवे मात्र फसवं आहे. नाव मूळनिवासींच्या भाषेतलंच, पण इथलं नव्हे. १६६६ च्या सुमारास न्यू इंग्लंडमधल्या पिस्कॅटाक्वा नदीकडून आलेल्या वसाहतवाल्यांनी ते सोबत आणलं.

४. इथे पहिले कोण आले, इंग्रज की डच?

नुसतं पाहून जाण्याची गोष्ट असेल तर दोघेही नाहीत. १५२४ मध्ये फ्रान्सच्या राजासाठी निघालेला इटालियन दर्यावर्दी व्हेराझानो हा किनारा पाहून गेला. १६०९ मध्ये हेन्री हडसन ‘हाफ मून’ जहाज घेऊन आला. हडसन स्वतः इंग्रज, पण नोकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची. वेंगुर्ल्याची डच वखार पाहिली असेल तर ती याच कंपनीची, पुढे १६३७ मध्ये सुरू झालेली. हडसनही आशियाकडे जायचा जवळचा मार्गच शोधत होता. वाट सापडली नाही, बीव्हर या नदीकाठच्या केसाळ प्राण्याची कातडी सापडली. त्या फेरीत खलाशी आणि स्थानिक यांच्यात चकमक झाली आणि जॉन कोलमन नावाचा खलाशी बाण लागून मेला.

प्रत्यक्ष वसाहत मात्र १६२१ मध्ये स्थापन झालेल्या डच वेस्ट इंडिया कंपनीने केली. या दोन कंपन्यांची गल्लत बरेच जण करतात. न्यू नेदरलंड ही वेस्ट इंडिया कंपनीची वसाहत, तिचं मुख्य ठाणं मॅनहॅटनवर. हडसन नदीच्या पश्चिम काठावर १६३० मध्ये पॅव्होनिया नावाची जहागीर दिली गेली. आजचं जर्सी सिटी आणि होबोकन त्याच जागेवर आहेत. १६६० मध्ये तिथेच बर्गन हे तटबंदीचं गाव वसलं आणि न्यू जर्सीतलं पहिलं कायमचं नगर ठरलं. जर्सी सिटीतला बर्गन स्क्वेअर म्हणजे त्या गावाचा मधला चौक.

५. स्वीडनचीही वसाहत होती म्हणे. खरं आहे का?

खरं आहे, पण ती अल्पजीवी ठरली. १६३८ मध्ये स्वीडिश लोकांनी डेलावेअर नदीवर, आजच्या विल्मिंग्टनला किल्ला बांधला. नदीच्या अलीकडच्या, म्हणजे न्यू जर्सीच्या काठावर १६४३ मध्ये एल्फ्सबोर्ग हा दुसरा किल्ला उभारला. तो सोडून द्यावा लागला त्याचं एक कारण डास! सैनिकांनी त्याला ‘डासांचा किल्ला’ असंच नाव ठेवलं होतं. १६५५ मध्ये डचांनी सगळी न्यू स्वीडन ताब्यात घेतली. लोक मात्र इथेच राहिले. दक्षिण जर्सीतलं स्वीड्सबरो हे गावाचं नाव त्यांचीच खूण.

६. डच आणि लेनापी यांच्यात व्यापार चालला होता, मग युद्ध का झालं?

सुरुवातीला दोघांनाही एकमेकांची गरज होती. डचांना कातडी हवी होती, लेनापींना लोखंडी कुऱ्हाडी, पातेली, कापड. पण कातडी कमी होत गेली आणि डच शेतकरी वाढत गेले. त्यांची मोकाट गुरं लेनापींच्या मक्यात शिरू लागली. त्यात देवीसारखे रोग आले. लेनापींच्या शरीरांना त्यांची ओळखच नव्हती आणि गावंच्या गावं ओस पडली.

अशा वेळी गव्हर्नर विलेम कीफ्टने मूळनिवासींवर कर बसवायचं ठरवलं. १६४३ च्या फेब्रुवारीत उत्तरेकडच्या हल्ल्यांतून पळालेली कुटुंबं पॅव्होनियात आश्रयाला आली होती. २५ फेब्रुवारीच्या रात्री कीफ्टच्या सैनिकांनी ती झोपेत असताना हल्ला केला. तिथे सुमारे ऐंशी जण मारले गेले, त्यांत बायका आणि तान्ही मुलंही होती. डेव्हिड डे फ्रीस या डच जमीनदाराने आधीच कीफ्टला विरोध केला होता आणि त्या रात्रीचं वर्णनही त्यानेच लिहून ठेवलं, म्हणून हे आज इतक्या तपशिलाने माहीत आहे.

याचा परिणाम कीफ्टच्या अपेक्षेच्या उलटा झाला. एरवी आपापल्या गावापुरतं पाहणारे अनेक गट एकत्र आले आणि १६४५ पर्यंत युद्ध चाललं. पॅव्होनिया जळून गेलं. कीफ्टला परत बोलावण्यात आलं. १६५५ मध्ये पुन्हा भडका उडाला आणि पॅव्होनिया दुसऱ्यांदा जळलं. बर्गनला तटबंदी घालावी लागली ती यामुळेच.

७. मग इंग्रजांनी डचांकडून हे लढून जिंकलं का? आणि ‘जर्सी’ नाव कुठून आलं?

१६६४ मध्ये इंग्रज आरमार मॅनहॅटनसमोर येऊन उभं राहिलं आणि डच गव्हर्नर स्टायव्हेसंटने गोळी न झाडता शरणागती पत्करली. १६७३ मध्ये डचांनी वर्षभरासाठी परत घेतलं, तेवढाच व्यत्यय.

गंमत अशी की आरमार पोचण्याआधीच वाटणी झाली होती. दुसऱ्या चार्ल्स राजाने हा प्रदेश भाऊ जेम्सला, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्कला दिला. जेम्सने त्यातला दोन नद्यांमधला तुकडा जॉन बर्कली आणि जॉर्ज कार्टरेट या दोन दरबारी मित्रांना देऊन टाकला. कार्टरेट इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाचा. यादवी युद्धात त्याने ते बेट राजाच्या बाजूने लढवलं होतं, त्याची ही आठवण.

हाच दुसरा चार्ल्स आपल्या ओळखीचा. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालकडून त्याला मुंबई मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कोळ्यांना विचारलं नाही, लेनापींनाही नाही.

८. लेनापींनी जमीन रीतसर विकली, कागदपत्रं आहेत, असं वाचलं. मग अन्याय कसला?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

कागदपत्रं खरोखर आहेत, शेकड्यांनी. न्यू जर्सीत जमीन बऱ्याच अंशी युद्धाने नव्हे, खरेदीखतांनी गेली. उदाहरण न्यूअर्कचं. १६६६ मध्ये कनेक्टिकटहून प्युरिटन या कडक प्रोटेस्टंट पंथाची कुटुंबं रॉबर्ट ट्रीटच्या नेतृत्वाखाली आली. हॅकेनसॅक लेनापींनी त्यांना विचारलं की आमची जमीन आहे, मोबदला कुठे आहे? वसाहतवाल्यांना वाटलं होतं ते काम गव्हर्नरने केलंय. पुढल्या वर्षी खत झालं. मोबदल्यात बंदुकीची दारू, शिशाच्या कांड्या, कुऱ्हाडी, कोट, बंदुका, तलवारी, पातेली, घोंगड्या, चाकू, शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा आणि बिअरची पिंपं. या यादीवर हसण्याआधी एक ध्यानात घ्या: लोखंडी कुऱ्हाड आणि बंदूक त्या वेळी लेनापींना खरोखर उपयोगाची होती. त्यांना मण्यांवर भुलवलं ही सरळसोट गोष्ट चुकीची आहे.

खोट वेगळीकडे आहे. पहिली गोष्ट, लेनापींच्या रीतीत जमीन कुळाच्या वापरात असे. तिच्यावर राहू देणं, पिकवू देणं हा करार होता आणि देणगी वेळोवेळी नव्याने द्यायची असे. इंग्रजांच्या रीतीत एकदा सही झाली की विकणाऱ्याने कुंपणाबाहेर जायचं. दुसरी गोष्ट, सही करणाऱ्या प्रमुखाला सगळ्या गावांच्या वतीने सही करायचा अधिकार होताच असं नाही. तिसरी, व्यवहाराच्या वेळी एक बाजू रोगराईने खंगलेली होती. लेनापींनाही दुसऱ्या बाजूची रीत पुढे चांगलीच कळली. ते खतांत शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क राखून ठेवू लागले. विकून निघून जाणारी भोळी माणसं, हे चित्रही म्हणून खरं नाही.

आणि घोळ फक्त लेनापी आणि गोऱ्यांमध्ये नव्हता. जेम्सने जमीन मित्रांना दिल्याचं त्याच्याच गव्हर्नरला, रिचर्ड निकल्सला, वेळेवर कळलं नाही. त्याने एलिझाबेथटाऊन आणि मॉनमथच्या भागात लोकांना लेनापींकडून जमीन घ्यायची परवानगी दिली. मग लेनापींचं खत खरं की कार्टरेटची सनद खरी? एकाच सातबाऱ्यावर दोन मालक चढावेत तसं झालं आणि हा वाद ऐंशी वर्षं पुरला. १७४५ मध्ये जमीनवादात पकडलेल्यांना सोडवायला लोकांनी न्यूअर्कचा तुरुंग फोडला. म्हणजे लेनापींच्या सहीचं मोल सगळ्यात तावातावाने मांडणारे शेवटी गोरे शेतकरीच होते, कारण त्यांचा हक्क तिच्यावर उभा होता.

९. ईस्ट जर्सी, वेस्ट जर्सी हे काय प्रकरण? आता तर नॉर्थ आणि साऊथ म्हणतात.

१६७४ मध्ये कर्जात अडकलेल्या बर्कलीने आपला हिस्सा एक हजार पौंडांना क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांना विकला. १६७६ मध्ये करार होऊन प्रदेशाचे दोन भाग पडले: पूर्व कार्टरेटकडे, पश्चिम क्वेकरांकडे. पूर्वेची राजधानी पर्थ अँबॉय, पश्चिमेची बर्लिंग्टन. विल्यम पेनला पेनसिल्व्हेनिया मिळण्याआधी तो वेस्ट जर्सीच्याच कारभारात होता. १६७७ च्या वेस्ट जर्सीच्या करारनाम्यात धर्मस्वातंत्र्य आणि ज्युरीसमोर खटला चालवण्याचा हक्क लिहिला आहे. त्या काळी हे थोडं नव्हतं.

१७०२ मध्ये दोन्ही भाग एकत्र होऊन राजाच्या थेट अमलाखाली आले, पण १७३८ पर्यंत गव्हर्नर न्यूयॉर्कचाच असे. आजचा उत्तर-दक्षिण भेद, उत्तर न्यूयॉर्ककडे आणि दक्षिण फिलाडेल्फियाकडे तोंड करून बसणं, हे बरंचसं त्याच रेषेचं लांबलेलं रूप आहे. जमिनीचे मालक मात्र १७०२ नंतरही कायम राहिले (प्रश्न १९).

१०. मग लेनापी गेले कुठे? आज इथे कोणी उरलंय का?

बहुतेकांना टप्प्याटप्प्याने पश्चिमेला ढकललं गेलं. १७५८ मध्ये ईस्टनच्या तहानंतर बर्लिंग्टन काउंटीत सुमारे ३,००० एकरांवर ब्रदरटन ही राखीव वसाहत केली गेली. बदल्यात लेनापींनी प्रांतातल्या उरलेल्या जमिनीवरचे बहुतेक दावे सोडले. ती जागा आज इंडियन मिल्स म्हणून ओळखली जाते. १८०२ मध्ये तीही विकली गेली आणि तिथले लोक न्यूयॉर्कला, पुढे विस्कॉन्सिनला गेले.

१८३२ मध्ये तिथून बार्थोलोम्यू कॅल्व्हिन हे वृद्ध गृहस्थ परत आले. ते मूळचे ब्रदरटनचेच, प्रिन्सटनमध्ये शिकलेले. राखून ठेवलेले शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क आम्ही विकले नव्हते, त्याची किंमत द्या, असा अर्ज त्यांनी विधिमंडळात केला. राज्याने २,००० डॉलर दिले. कॅल्व्हिन यांनी आभाराचं पत्र लिहिलं, न्यू जर्सीने आमची जमीन संमतीशिवाय घेतली नाही असंही म्हटलं, आणि राज्य ते पत्र तेव्हापासून अभिमानाने दाखवत आलं आहे. ती संमती कोणत्या परिस्थितीतली होती हे प्रश्न ८ मध्ये आलंच आहे.

आज लेनापींचे वंशज ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या ऑन्टारियोत आहेत. सगळे गेले असं मात्र म्हणू नका. ब्रिजटनच्या आसपास नँटिकोक लेनी-लेनापी आणि उत्तरेच्या डोंगरात रामापो लेनापी आहेत. पौहाटन रेनापी धरून राज्याची मान्यता तिघांना आहे, केंद्राची मात्र न्यू जर्सीतल्या एकाही जमातीला नाही. केंद्राची मान्यता नसेल तर शिक्षण, आरोग्य आणि जमिनीसाठीच्या अनेक योजनांची दारं बंद राहतात.

११. क्रांतियुद्धात, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, न्यू जर्सीचा एवढा उल्लेख का येतो?

भूगोलामुळे. न्यूयॉर्क इंग्रजांच्या हाती, फिलाडेल्फिया बंडखोरांची राजधानी, आणि सैन्याला जाण्यायेण्याचा रस्ता मधला. १७७६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनची फौज संपत आली होती. नाताळच्या रात्री सुमारे २,४०० माणसं बर्फाळ डेलावेअर ओलांडून आली आणि २६ तारखेला सकाळी ट्रेंटनवर तुटून पडली. इंग्रजांचे भाडोत्री जर्मन शिपाई सुमारे नऊशे पकडले गेले. ३ जानेवारी १७७७ ला प्रिन्सटन. २८ जून १७७८ ला मॉनमथ, तेही भयंकर उन्हात. मॉरिसटाऊनला फौजेने दोन हिवाळे काढले. त्यातला १७७९-८० चा हिवाळा पेनसिल्व्हेनियातल्या प्रसिद्ध व्हॅली फोर्जच्या छावणीपेक्षा कडक होता, पण नाव व्हॅली फोर्जचं झालं.

सगळे न्यू जर्सीकर मात्र क्रांतीच्या बाजूचे नव्हते. शेवटचा राजनियुक्त गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन हा बेंजामिन फ्रँकलिनचाच मुलगा. तो राजाशी एकनिष्ठ राहिला, अटकेत गेला आणि बापलेकांचं नातं पुन्हा जुळलं नाही.

१२. प्रिन्सटन देशाची राजधानी होतं का?

होय. १७८३ च्या उन्हाळ्यात पगार न मिळालेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात निदर्शनं केली, तेव्हा काँग्रेस, म्हणजे देशाचं विधिमंडळ, तिथून निघून प्रिन्सटनच्या नॅसॉ हॉलमध्ये चार महिने भरली. १७८४ च्या अखेरीस काही आठवडे ट्रेंटनलाही बसली.

१३. न्यू जर्सीत बायका १७७६ पासून मतदान करत होत्या, हे व्हॉट्सॲपवरचं खरं मानायचं का?

खरं आहे, मधली एक अट गाळलेली असते. १७७६ च्या राज्यघटनेने मतदार म्हणून ‘रहिवासी’ म्हटलं, पुरुष म्हटलं नाही. अट होती पन्नास पौंडांच्या मालमत्तेची. विवाहितेची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, त्यामुळे मत पडायचं ते अविवाहित किंवा विधवा बायकांचं. स्वतंत्र कृष्णवर्णीयही या अटीत बसले तर मत देत. १७९० च्या निवडणूक कायद्यात तर मतदाराबद्दल ‘तो किंवा ती’ असे स्पष्ट शब्द आले.

१८०७ मध्ये विधिमंडळाने हे बंद केलं. मतदार म्हणजे गोरा, पुरुष, करदाता. कारण दिलं निवडणुकीतल्या गैरप्रकारांचं. खरं कारण पक्षांचं गणित होतं, कोणाची मतं कोणाला जातात याचं. बायकांचं मत परत आलं ते १९२० मध्ये.

१४. हे उत्तरेतलं राज्य. म्हणजे इथे गुलामगिरी नव्हती ना?

होती, आणि उत्तरेत सगळ्यात शेवटी संपली. वसाहतीच्या पहिल्या करारातच गुलाम आणणाऱ्याला जास्तीची जमीन देऊ केली होती. १८०० च्या जनगणनेत १२,४२२ गुलाम होते. १८०४ चा कायदा ‘हळूहळू मुक्ती’चा: ४ जुलै १८०४ नंतर जन्मलेली मुलं स्वतंत्र, पण मुलीने २१ व्या आणि मुलाने २५ व्या वर्षापर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं. त्याआधी जन्मलेल्यांना काहीच नाही.

या फटीचा काळा वापर झाला. १८१८ मध्ये मिडलसेक्स काउंटीतला न्यायाधीश जेकब व्हॅन विकल याने, हे लोक राजीखुशीने जात आहेत अशी प्रमाणपत्रं देऊन कृष्णवर्णीयांना लुईझियानात पाठवलं. त्यांत तान्ही मुलंही होती, त्यांचीही ‘संमती’ कागदावर आहे. एडिसन, पिस्कॅटवे, साऊथ ब्रन्सविक याच काउंटीत येतात.

१८४६ मध्ये गुलामगिरी नावाने रद्द झाली आणि उरलेल्यांना ‘आजन्म शिकाऊ’ ठरवलं गेलं. १८६० च्या जनगणनेत असे १८ जण गुलाम म्हणूनच मोजले आहेत. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती न्यू जर्सीने १८६५ मध्ये आधी फेटाळली. देशभर ती लागू झाल्यावर, १८६६ च्या जानेवारीत मंजुरी दिली. दुसरी बाजूही याच मातीतली: ३१ मार्च १८७० रोजी पंधराव्या दुरुस्तीखाली (वंशावरून मत नाकारायला बंदी करणारी) मत देणारे पहिले कृष्णवर्णीय नागरिक थॉमस मंडी पीटरसन, पर्थ अँबॉयचे. २००८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने गुलामगिरीबद्दल माफी मागितली.

१५. पॅटरसनला ‘सिल्क सिटी’ का म्हणतात? आणि एडिसन गावी एडिसन राहायचे का?

पॅटरसनला पॅसेइक नदीचा ७७ फुटी धबधबा आहे. अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९१ मध्ये त्या पाण्यावर कारखाने चालवायची कंपनी काढली आणि मुद्दाम औद्योगिक शहर वसवलं. पुढे तिथे कोल्टची पिस्तुलं, रेल्वे इंजिनं आणि शेवटी रेशीम झालं. १९१३ मध्ये दोनाऐवजी चार मागांवर एका विणकराला उभं करायला लागले, तेव्हा सुमारे २५ हजार कामगारांनी महिनोन्महिने संप केला. संप हरला. गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला यात बरंच ओळखीचं वाटेल.

थॉमस एडिसन १८७६ मध्ये रॅरिटन टाऊनशिपमधल्या मेन्लो पार्कला आले. फोनोग्राफ १८७७ चा, विजेचा दिवा १८७९ चा. १८८७ मध्ये ते वेस्ट ऑरेंजला गेले. टाऊनशिपला त्यांचं नाव १९५४ मध्ये मिळालं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर.

१६. एवढ्याशा राज्यात ५६४ नगरपालिका कशाला?

बरो (बहुधा छोट्या वस्तीची स्वतंत्र पालिका), टाऊनशिप, सिटी, टाऊन, व्हिलेज असे पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा. सगळ्यात मोठा फुगा १८९४ मध्ये आला. शाळांचा कायदा बदलला आणि टाऊनशिपभर शाळेचा कर एकत्र झाला. ज्या वस्त्यांना शेजारच्या गावाच्या शाळेचं बिल भरायचं नव्हतं त्यांनी आपलं वेगळं बरो करून घेतलं. एकट्या बर्गन काउंटीत त्या वर्षी २६ बरो झाले. तुमचा घरपट्टीचा आकडा पाहून डोळे विस्फारले तर त्याचं एक मूळ इथे आहे.

१७. न्यूअर्कबद्दल लोक अजून घाबरून बोलतात. १९६७ मध्ये काय झालं?

१२ जुलैला पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला अटक करून मारहाण केली. पाच-सहा दिवसांच्या हिंसाचारात २६ माणसं गेली, बहुतेक कृष्णवर्णीय, बरीचशी पोलिसांच्या आणि नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी. ठिणगी ती होती, पण घरांचा तुटवडा, गेलेल्या नोकऱ्या आणि मेडिकल कॉलेजसाठी वस्ती हटवायची योजना आधीपासून धुमसत होती. १९७० मध्ये केनेथ गिब्सन महापौर झाले, ईशान्येतल्या मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. आजचं न्यूअर्क त्या पाच दिवसांवरून जोखू नका.

१८. भारतीय इथे कधीपासून? आपल्याला विरोध झाला होता का?

१९६५ च्या स्थलांतर कायद्याने देशनिहाय कोटा गेला आणि डॉक्टर, इंजिनिअर येऊ लागले. जर्सी सिटीचा न्यूअर्क ॲव्हेन्यू आधी फुलला, मग एडिसन-इझलिनचा ओक ट्री रोड. २०२० च्या जनगणनेत राज्यात भारतीय चार लाखांहून अधिक निघाले. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२२ चं अधिवेशन अटलांटिक सिटीत झालं.

विरोध झाला, आणि नुसता शब्दांचा नव्हे. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नाव घेतलेल्या टोळक्याने कुंकू लावणाऱ्या बायकांना आम्ही हाकलू असं वृत्तपत्राला पत्र लिहून कळवलं. त्याच वर्षी होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला जमावाने मारून टाकलं आणि जर्सी सिटीत एका डॉक्टरला मरणाच्या दारी पोचवलं. कोलंबिया विद्यापीठातले विद्यार्थी आणि स्थानिक दुकानदार रस्त्यावर उतरले. १९९० मध्ये राज्याने द्वेषमूलक गुन्ह्यांसाठी कायदा केला. ओक ट्री रोडवर आज गणपतीच्या मूर्ती घेताना हे कोणाला आठवत नाही, मुलांना सांगितलंही जात नाही. सांगायला हवं.

१९. अवघड प्रश्न: ईस्ट आणि वेस्ट जर्सीच्या मालकांचं पुढे काय झालं? आणि एलिस बेट कोणाचं?

१७०२ मध्ये मालकांनी राज्यकारभार सोडला, जमिनीचा हक्क सोडला नाही. म्हणून मोजणीत कुठे तुकडा कोणाच्याच नावावर नाही असं निघालं की तो त्यांचा, हा नियम स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. ईस्ट जर्सीच्या मालकमंडळाने १९९८ मध्ये उरलेले हक्क राज्याला विकून कारभार बंद केला. वेस्ट जर्सीचं मंडळ अजून बर्लिंग्टनमध्ये आहे. जुनी खतं ट्रेंटनच्या राज्य अभिलेखागारात पाहता येतात.

एलिस बेटाचा वादही तसाच मोजणीचा. १८३४ च्या करारात बेट न्यूयॉर्कला आणि भोवतालचं पाणी न्यू जर्सीला गेलं. नंतर भराव टाकून बेट तीन एकरांवरून सुमारे सत्तावीस एकर झालं. भराव न्यू जर्सीच्या पाण्यात पडला, म्हणून १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढी जमीन न्यू जर्सीची ठरवली. मूळ तीनेक एकर न्यूयॉर्कचे. शेजारचं स्वातंत्र्यदेवीचं बेट मात्र चारी बाजूंनी न्यू जर्सीच्या पाण्यात असूनही न्यूयॉर्कचंच आहे.